भांडगावमार्गे हृदयाची डागणी

आमच्या शेजारचे लोक सुट्टीत काश्मीरला जातात, केरळला जातात आणि आल्यावर सहा महिने फोटो दाखवतात. मी माझ्याच हृदयात जाऊन आलो. तेही दोनदा, कारण पहिल्या खेपेला काम नीट झालं नाही. फोटो माझ्याकडेही आहेत, चांगले रंगीत आहेत, पण कुणी मागत नाही. म्हणून लिहून काढतोय. ज्यांच्यावर तिकडे जायची वेळ आलेली नाही त्यांची करमणूक होईल, आणि ज्यांची तारीख ठरली आहे त्यांना माझ्यासारखं वागायचं नाही एवढं तरी कळेल.

आधी कारण सांगतो. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला अधूनमधून कापरं भरतं. ठोके एका चालीत पडायचे सोडून वाट फुटेल तिकडे धावतात. डॉक्टर त्याला एएफ म्हणतात, आमच्या घरात ‘पप्पांची फडफड’ म्हणतात. गोळ्यांना फडफड दाद देईना, तेव्हा अ‍ॅब्लेशन करायचं ठरलं. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी थेट हृदयात न्यायची, तिचं टोक आतल्या भिंतीला टेकवायचं आणि जिथून गडबड उठते त्या जागेभोवती ठिपक्याला ठिपका लावून डाग देत कुंपण घालायचं. कुंपण सलग झालं तर गडबड आतच कोंडून राहते. फट राहिली तर बाहेर पडते.

माझ्या कुंपणाला फट राहिली. आठ महिने बरे गेले आणि एके दिवशी दाढी करताना फडफड परत आली. आणि ती फट कशामुळे राहिली असावी, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सुनंदाला, म्हणजे बायकोलाही नाही.

शिरूर

मी रांजणगावच्या एका कंपनीत वेल्डिंग तपासतो. सत्तावीस वर्षं झाली. सांध्यात केसाएवढी फट दिसली तरी लाल खडूनं फुली मारतो आणि पीस परत पाठवतो. पोरं मला माघारी ‘फुलीमामा’ म्हणतात हे मला माहीत आहे. अशा माणसाच्या स्वतःच्या हृदयात फट राहावी, यावर कंपनीच्या बसमध्ये महिनाभर विनोद झाले. मीही हसलो. करतो काय?

डॉक्टरांनी मला गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून गाडी सुनंदानं घेतली. ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकली. माझे ठोके चुकतात हे मशीनवर दिसलं. का चुकतात ते तिच्या शेजारी बसल्यावर कळतं.

“अगं, पुढं ट्रॉली आहे उसाची.”

“मला दिसती.”

“मग ब्रेक?”

“अहो, तुम्ही पेशंट आहात ना? मग पेशंटासारखं बसा.”

न्हावऱ्याला चहासाठी थांबलो. भजी ताजी होती. मला मनाई होती. सुनंदानं माझ्यासमोर बसून सहा भजी खाल्ली आणि सातवं उचलताना म्हणाली, “तेलकट आहेत, तुमचं काही गेलं नाही.” प्रवासात सोबत कशी असावी यावर पुष्कळ लिहिता येईल. मी लिहिणार नाही, कारण हे ती आधी वाचणार आहे.

भीमेचा पूल ओलांडला की आमचा शिरूर तालुका संपतो आणि दौंड लागतो. माणसं तीच, ऊस तोच, पण मला मात्र तिथं आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटतं. दौंड तालुक्यात माझी सासुरवाडी आहे.

भांडगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात दाखल व्हायचं होतं. भांडगावसाठी वाट थोडी वाकडी करावी लागते, पण सासऱ्यांना न भेटता ऑपरेशनला गेलो असतो तर नंतर हृदयापेक्षा ते प्रकरण जड गेलं असतं.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर. आमची दोन्ही घरं मूळची मेंढरं राखणारी. आमच्याकडे आजोबांनीच ते सोडलं. आप्पा मात्र चाळिशीपर्यंत मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत गेले आहेत. आता कांदा करतात, थोडी शेवंती करतात. पण चाल तीच. त्यांच्याबरोबर बांधापर्यंत जायचं म्हटलं तरी मला मध्येच फोन आल्याचं सोंग करून थांबावं लागतं.

आमच्याकडे शिरूरला पाहुण्याला आधी विचारतात, “कसं काय, बरं आहे का?” भांडगावात जावई आला की आधी जेवू घालतात आणि तब्येत नंतर विचारतात, म्हणजे जेवण नाकारायला त्याला कारण उरत नाही. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, कांद्याची पात. मेहुण्याची बायको वैशाली वाढत होती आणि मी ‘बास’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘अजून एक’ असा घेत होती.

“तर पाव्हणं,” आप्पा भाकरी मोडत म्हणाले, “काळजाला डाग देणार म्हंत्यात. मागल्या टायमाला दिल्याला काय झालं?”

“लागला नाही नीट.”

“का बरं? डागणी थंड हुती?”

“नाही हो. टोक सरकत होतं म्हणे.”

आप्पांचा घास हातातच थांबला. तिथून पुढं ते माझ्याशी एखाद्या समव्यावसायिकाशी बोलावं तसं बोलू लागले. कारण मेंढरांना डागण्या देणारा म्हणून आप्पांचं पूर्वी तीन गावांत नाव होतं. मेंढराची कूस सुजली, पाय धरला, की लोक मेंढरू खांद्यावर टाकून त्यांच्याकडे आणत. आता ते करत नाहीत. “आता ढोराचा डॉक्टर सुई मारतो, त्ये बरं हाय, मेंढराला तरास न्हाई,” असं स्वतःच सांगतात. पण विद्या अंगात आहे.

“ऐका,” ते म्हणाले. “लोकास्नी वाटतं, डाग म्हंजी आग. न्हाई. डाग म्हंजी टेकवणं. कमी टेकवली तर वरवर लोकर करपती, आतला आजार तसाच. जास्त दाबली तर कातडं फाटतं, मेंढरू हातचं जातं. आन् दाब बरुबर असला तरी मेंढरू श्वास घेतंय ना? कूस फुगती, खाली जाती. तिच्यासंगं डागणी सरकली की डाग लांबट पडतो, खोल जात न्हाई. मग चार दिसांनी पुन्हा आजार.”

“मग करायचं काय?”

“डागणी धरणाऱ्याचं काम सोपं. मेंढरू धरणारा पायजे. माझी आय धरायची. डोकं मांडीत घ्यायची, कानामागं हात ठेवायची, आन् मेंढराचा श्वास तिच्या श्वासाला लागला की मला नुसती मान हलवायची. तवा टेकवायची.”

“आणि मेंढरानं काय करायचं?”

“मेंढरानं? त्याला कोण इचारतं!”

सगळे हसले. मीही हसलो आणि आमटीतल्या शेंगा मोजायला लागलो. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर उभा राहिलेला प्रत्येक वेल्डर ज्या चेहऱ्यानं खोटं बोलला, तोच चेहरा तेव्हा माझा झाला असणार.

“पाव्हणं, मागल्या टायमाला तुम्ही काय केलंत?”

आणि मी सांगून टाकलं.

आमच्या कंपनीत दरवर्षी तपासणीची गाडी येते. छातीचा एक्सरे काढतात. आत उभं केलं की माणूस ओरडतो, “श्वास घ्या, रोखा!” मशीन टूं करतं, मग “सोडा.” सत्तावीस वर्षांत माझ्या अंगात एवढं मुरलंय की मशीन टूं करताना छाती हलली तर फिल्म वाया जाते. पहिल्या अ‍ॅब्लेशनला मला अर्धवट गुंगी दिली होती. मी टेबलावर पडलेलो, डॉक्टरबाई म्हणाल्या, “हलू नका, नेहमीसारखा श्वास घ्या.” पण डाग द्यायला सुरुवात झाली की ते मशीन टूं करायचं. आणि मशीननं टूं केलं की मी मदत म्हणून श्वास रोखायचो. मग जीव गुदमरला की एकदम हपापल्यासारखा घ्यायचो. तीन तास मी हे इमानेइतबारे केलं. बाई दोनतीनदा म्हणाल्यासुद्धा, “सावकाश, सावकाश.” मला वाटलं, मी कमी वेळ रोखतोय. म्हणून आणखी जोर लावून रोखला. नंतर घरी आल्यावर सूचनांचा कागद वाचला, त्यात ‘एकसारखा श्वास’ असं छापलेलं होतं. तो कागद मी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला.

मी बोलून थांबलो आणि मागं ताकाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. सुनंदा दारात होती.

“म्हणजे आठ महिने बरं चाललेलं बिघडलं तेव्हा मी उपास धरले,” ती म्हणाली, “डॉक्टरला बोलले, देवाला बोलले, तुमच्या आईनं सांगितलेल्या पथ्याला बोलले. आणि तुम्ही कागद लपवून बसला होता?”

“सुनंदे,” आप्पा म्हणाले, “पेशंट हाय त्यो.”

“आप्पा, तुम्ही मध्ये बोलू नका. लाल खडू घेऊन लोकांच्या फटी शोधत फिरतात!”

माझी त्या दिवसाची फडफड तिथंच झाली असती, पण हृदयानं बहुधा घाबरून शिस्त पाळली.

पुणे: बाहेरून

हॉस्पिटल हा परदेश आहे. सीमेवर कागद दाखवावे लागतात, मनगटाला पट्टी बांधतात, कपडे काढून घेतात आणि तिथला पोशाख देतात, जो मागून उघडा असतो. आमच्याकडे कुणी नाव विचारत नाही, ‘कुणाचे तुम्ही?’ विचारतात. इथं प्रत्येक येणारा जाणारा नाव विचारतो, तेही मनगटावर लिहिलेलं असताना. पाचव्यांदा विचारल्यावर मी म्हणालो, “भांडगावच्या आप्पांचा जावई.” नर्सनं न हसता पट्टी वाचून बघितली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं.

“मॅडम, यांना काहीतरी सांगायचंय.”

मी सांगितलं. एक्सरेची गाडी, टूं, श्वास, सगळं. आता त्या चिडतील अशी मनाची तयारी केली होती. बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“एवढे दिवस हे मनात ठेवून होतात?”

“हो.”

“मग आता माझं ऐका. एकदा केलं आणि पुन्हा करावं लागलं, असं पुष्कळांचं होतं, श्वास नीट घेऊनसुद्धा. तुमच्या वेळी टोक भिंतीवर ठरत नव्हतं हे खरं. कॅथेटर किती ग्रॅमनं टेकलंय ते आम्हाला पडद्यावर दिसतं. तुमचा आकडा वर जायचा, खाली यायचा, कधी शून्य. पण टूं वाजलं की श्वास रोखायचा नाही, हे तुम्हाला आधी समजावून सांगायला हवं होतं. ते आमचं काम.”

“पण मॅडम, दाब बरोबर असून टोक सरकलं तर?”

“तर डाग पसरट पडतो, खोल जात नाही,” त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा निरखून बघितलं. “हे तुम्ही कुठं वाचलंत?”

“भांडगावात. आमटी खाताना.”

मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट काढली. या खेपेला पूर्ण भूल घ्यावी. मशीन श्वास देईल, छोटे छोटे, एकसारखे. छाती कमी हलेल, टोक जास्त स्थिर राहील. माझ्या बाबतीत त्यांना तेच बरं वाटत होतं. सही मात्र माझी लागणार होती.

खरं सांगतो, मी घाबरलो. मरणाला नव्हे, म्हणजे त्यालाही, थोडा. पण जास्त भीती दुसरीच. सत्तावीस वर्षांत माझ्या डोळ्यांआड एक पीस पास झालेला नाही. आणि इथं माझ्याच हृदयाचं वेल्डिंग, कुणीतरी करणार आणि मला तपासायला जागा नाही. मी म्हटलं, “अर्धवट गुंगीच द्या ना. या वेळी मी नीट श्वास घेईन. सराव करतो.”

बाई म्हणाल्या, “विचार करा,” आणि गेल्या.

मी सराव केला. सावकाश, एकसारखा. श्वासाकडे लक्ष दिलं की तो नीट येतच नाही, हा शोध मला तिथं लागला. दहाव्या श्वासाला मी मोजणी चुकलो, बाराव्याला जांभई आली, पंधराव्याला शेजारच्या पेशंटनं नर्सला बोलावलं, “त्या काकांना दम लागलाय बहुतेक.”

सुनंदानं आप्पांना फोन लावला आणि माझ्या कानाला टेकवला.

“पाव्हणं,” आप्पा म्हणाले, “धरणारं कोण हाय तिथं?”

“भूल देणाऱ्या बाई आहेत म्हणे.”

“मग त्यांस्नी धरू द्या की. मेंढरूबी तुम्ही, धरणारंबी तुम्ही, आन् डाग बघणारंबी तुम्हीच? एवढी मान कुणाला वळती?”

मी सही केली.

पुणे: आतून

कॅथलॅब, म्हणजे ही नळी घालायची खोली, थंड असते. स्वेटर चालत नाही, विचारून झालं. तिथले लोक शिशाचे जड एप्रन घालून फिरतात, त्यामुळे सगळ्यांची चाल लग्नात जरीचं नेसलेल्या बायकांसारखी असते. भिंतीवर मोठे पडदे. त्यावर माझं हृदय येणार होतं आणि तेवढ्यात मी जाणार होतो.

भूल देणाऱ्या बाई डोक्याच्या बाजूनं आल्या, त्यामुळे मला त्या उलट्या दिसल्या. वयस्कर होत्या. त्यांनी दात हलतात का विचारलं, आणि मग दोन्ही हातांनी माझं डोकं दोन बाजूंनी धरलं. अगदी कानामागं.

“आता काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “श्वास माझ्याकडे द्या.”

मला आप्पांची आई आठवली. मी तिला कधी पाहिलेली नाही, तरी आठवली.

“बाई,” मी म्हणालो, “मेंढरू तयार हाय.”

यानंतर या प्रवासवर्णनात चार तास कोरे आहेत. घरच्या लग्नातल्या पंगतीतला लाडूसुद्धा मी वीस मिनिटं रंगवून सांगतो, आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा मुक्काम माझ्याशिवाय पार पडला. त्याबद्दल मला एक वाक्यही सांगता येत नाही. माझ्या तब्येतीसाठी मी केलेलं हे सर्वांत मोठं काम.

शुद्धीवर आलो तेव्हा पाय सरळ ठेवायचा हुकूम होता, कारण जांघेतली जखम. सुनंदानं मुगाची पातळ खिचडी चमच्यानं भरवली. मीठ नव्हतं, चव नव्हती, आणि मी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी फोटो दाखवले. पहिल्या वेळच्या चित्रात ठिपके कुठं दाट, कुठं विरळ. या वेळी एकाला एक लागून, गोधडीच्या टाक्यांसारखे. मी सवयीनं चित्र डोळ्याजवळ नेऊन फट शोधायला लागलो. सुनंदानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“टोक छान स्थिर राहिलं,” बाई म्हणाल्या. “पण निकाल आत्ता मागू नका. तीन महिने. आतली जखम भरेपर्यंत मध्येच धडधड होऊ शकते. झाली तर आम्हाला कळवा, पण हरलो असं समजू नका. रक्त पातळ करायची गोळी मी सांगेपर्यंत चालू.”

पुन्हा भांडगाव

आमचा मुलगा ओंकार बंगळूरला असतो. त्यानं मला एक घड्याळ पाठवलं होतं, ठोके मोजणारं. त्याला एक मोबाईल जोडलेला, आणि त्यातले आकडे ओंकारलाही तिकडे दिसायचे. परतताना भांडगावला टेकलो तोवर मी त्या घड्याळाकडे इतक्यांदा पाहिलं होतं की सुनंदा म्हणाली, गाडी तुम्ही चालवत असता तर आपण उसात असतो.

आप्पांनी हात पुढं केला. “काढा त्ये.”

“आप्पा, डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी घड्याळ बघा म्हटलंय?”

“नाही. त्रास झाला तर फोन करा म्हटलंय.”

“मग? डाग दिल्यावर खपली धरस्तोवर आम्ही मेंढराच्या अंगाला बोट लावत नव्हतो. रोज उकरून बघणाऱ्याचं मेंढरू कवा बरं झालंय?”

घड्याळ आणि त्याचा मोबाईल दोन्ही भांडगावात राहिले. मी शिरूरला आलो. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी फडफडलं. वीसेक मिनिटं. मनगट उघडं होतं, बघायला काही नव्हतं. सुनंदानं हॉस्पिटलला फोन लावला, त्यांनी चार प्रश्न विचारले आणि वाट बघायला सांगितलं. ती माझ्याजवळ पायरीवर बसली. कानामागं हात ठेवला नाही, एवढंच. बाकी धरलं तसंच होतं. फडफड थांबली.

तीन महिने झाल्यावर छातीवर ठोके टिपणारी एक पट्टी चिकटवून दिली. ती आठवडाभर वागवली आणि पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी पडद्यावर रेघ सरकवत नेली. मी श्वास रोखला. त्यांनी न बघताच म्हटलं, “श्वास घ्या.” घेतला. रेघ संपली.

“एकदाही नाही,” त्या म्हणाल्या. “चाल एकसारखी आहे. पुढंही तपासत राहू, पण आजचा पेपर पास.”

सुनंदा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली आणि बराच वेळ शोधत राहिली.

येताना भांडगावला गेलो. मेहुणा पेढे आणायला पळाला. मी अंगणातूनच ओंकारला फोन लावला.

“अरे, रिपोर्ट चांगला आला.”

“पप्पा, मला दोन महिन्यांपूर्वीच माहीत होतं,” तो म्हणाला. “रोज बघतोय ना मी. काय हृदय झालंय तुमचं! एकदम पंचविशीतलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं मी. फक्त एक सांगा, पहाटे उठून एवढी दहा दहा हजार पावलं कुठं चालता? आणि दुपारी पुन्हा?”

मी वैशालीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. “घड्याळ रोज मीच चार्ज करून देते,” ती हळूच म्हणाली. “त्यांना आवडलंय.”

पलीकडं कांद्याच्या वाफ्यात आप्पा पाण्याचं बारं देत होते. धोतर गुडघ्याच्या वर, खांद्यावर फावडं, आणि मनगटावर काहीतरी उन्हात चकाकत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला.

“पप्पा? आहात ना?”

चूक दाखवायचं तोंडावर आलं होतं. सत्तावीस वर्षांची सवय. पण मी आप्पांना परत हात केला. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसा, सावकाश, एकसारखा श्वास घेत उभा राहिलो.